आनंदीच्या पाच विटा

"हात लावू नको गो, मोडतला!"

हे वाक्य गुरुदासने आपल्या मुलीला पहिल्या तासाभरात नऊ वेळा ऐकवलं. खरं म्हणजे वस्तू आनंदीचीच होती. तिच्यासाठीच त्याने ती हॅम्बुर्गच्या एका दुकानातून घेतली होती आणि स्वतःच्या दोन लोकरी बनियनींत गुंडाळून आपल्या गावी, पोफळवण्यापर्यंत आणली होती. आनंदी नऊ वर्षांची होती. बापाची वाट ती दीड वर्ष बघत होती आणि खोक्याची सकाळपासून.

खोक्यात सातशे विटा होत्या, लाल आणि पांढऱ्या, प्लास्टिकच्या. प्रत्येक विटेच्या पाठीवर आठ गोल उंचवटे होते आणि पोटाकडून ती पोकळ होती. एकीची पाठ दुसरीच्या पोटात दाबली की 'टक्' असा आवाज होई आणि दोघी एकमेकींना घट्ट धरून बसत. ना चुना लागे, ना माती. खोक्याच्या झाकणावर रंगीत चित्र होतं. टोकदार बुरुजांचा किल्ला, खाली नदी, शेतं, गुरं. बाजूला पिवळ्या केसांची एक मुलगी गुडघ्यांवर बसून वीट लावत होती, आणि तिच्यामागे तिचा बाप उभा होता, हात पाठीमागे बांधून. बापाचे हात पाठीमागे आहेत ही गोष्ट गुरुदासच्या लक्षात आली नाही. आनंदीच्या आली.

तिने दोन विटा घेतल्या आणि एकीवर एक बरोबर ठेवून दाबल्या. टक्!

"तसा नाय गो," गुरुदास पुढे सरसावला. "सांधो मोडूक होयो. सांध्यार सांधो इलो की भिंत फुटता. आण हय, मी दाखवतंय."

गुरुदास मालवाहू बोटीवर सुतार होता. हातात वस्तू आणि समोर शिकणारं माणूस असलं की त्याला राहवत नसे. तो दाखवू लागला. जेवणाची वेळ झाली तरी तो दाखवतच होता. दुसऱ्या दिवशी पाया आणि दोन बुरूज दाखवून झाले. आनंदी लाल विटा एका सुपात आणि पांढऱ्या दुसऱ्या सुपात लावून देत होती आणि बाबा मागतील ती पुढे करत होती.

"पोरीक आणलास, काय सोताक?" सुगंधाने, त्याच्या बायकोने, चुलीकडून विचारलं.

"शिकवतंय तिका."

"ती खंय शिकता? ती तुमका पाणी आणून देता."

"बघून शिकता माणूस," गुरुदास म्हणाला आणि तिसऱ्या बुरुजाकडे वळला.

तिसऱ्या दिवशी किल्ला उभा राहिला. फक्त मधल्या बुरुजाचं टोक गुरुदासने मुद्दाम मोकळं ठेवलं. खोक्यात दाभणाएवढ्या काठीचा एक लाल झेंडा होता. तो आनंदीच्या हातात देऊन त्याने शब्द दिला, "मी जावच्या आदी हो झेंडो तू लावतलंस. तुझ्याच हातान. कोणी मधी येवचो नाय."

गुरुदास जाणार होता शनिवारी. मे महिना सरत आला होता आणि शनिवारची बोट ही पावसाआधीची शेवटची. ती चुकली की समुद्र बंद. मग मुंबई नाही, आणि मुंबईहून सुटणारं मोठं जहाजही नाही. म्हणजे नोकरीच नाही. हातात सहा दिवस होते. झेंडा लावायला एक क्षण पुरला असता. पण गुरुदासने पुन्हा एकदा झाकणावरचं चित्र पाहिलं.

"नुसतो किल्लो काय कामाचो?" तो म्हणाला. "भोवती मुलूख होयो."

मुलूख कुठला घ्यायचा? हॅम्बुर्गची नदी पोफळवण्यात कोण ओळखणार? तेव्हा किल्ला उचलून पाटावरून घरापुढच्या खळ्यात आणला गेला, आणि शेणाने सारवलेल्या त्या ऐसपैस खळ्यात गुरुदासने आपला गावच मांडायला घेतला. डोंगरासाठी जांभ्या दगडाचे तुकडे लागले. खाडीसाठी जुना पत्रा आणि निळीचं पाणी लागलं. किनाऱ्यासाठी पांढरी रेती, काजूच्या झाडांसाठी करवंदीच्या डहाळ्या, घरांसाठी फुटकी कौलं लागली. काजूबियांना काड्यांचे पाय टोचून म्हशी झाल्या. माडांसाठी काड्यांच्या टोकांना हिरव्या पात्या चिरून बांधल्या. यातली प्रत्येक वस्तू आनंदीने आणली आणि प्रत्येक वस्तू गुरुदासने लावली. दुपारच्या उन्हात तिने खळं ते समुद्र अशा सात खेपा केल्या.

आठवी खेप सांगितली तेव्हा ती जागची हलली नाही.

"बाबा, एक तरी वीट माका लावूक देवा."

गुरुदासने इकडेतिकडे पाहिलं. किल्ला बांधून पाच पांढऱ्या विटा उरल्या होत्या.

"ह्यो घे. तुका होया ता कर. पण थय कडेक, तुळशीकडे. मधी नको."

आनंदी तुळस म्हणून रोवलेल्या डहाळीपाशी उकिडवी बसली. पाच वेळा टक् झालं. मग तिने वर एक कौलाचा तुकडा ठेवला, स्वयंपाकघरात जाऊन मूठभर काहीतरी आणलं आणि समोर पसरलं. काय केलं आहे असं तिला कोणी विचारलं नाही. गुरुदास तेव्हा मासळीच्या धक्क्याची लांबी मोजत होता.

मंगळवारी गाव बघायला गाव लोटला. प्रत्येकाने आधी आपलं घर शोधलं. ज्यांना ते सापडलं ते म्हणाले, हुबेहूब आहे. ज्यांना सापडलं नाही ते म्हणाले, परदेशात राहिलं की असंच होतं. शेजारचा धोंडू मात्र घरापाशी थांबलाच नाही. तो गडग्यापाशी वाकला होता. गडगा म्हणजे दोन्ही घरांच्या मधला दगडी कुंपण. खळ्यातला गडगा आनंदीने वेचून आणलेल्या खड्यांचा होता.

"गुरुदास, गडगो खंय घातलंस तो बघलंस?"

"खंय म्हणजे? आसा थंयच."

"आसा थंय? माझ्या जमनीत दोन बोटां घुसलोहा!"

"अरे, खेळणा ता, धोंडू."

"आज खेळण्यात दोन बोटां, उद्या कागदार दोन हात. मी काय आंधळो नाय."

शेजाऱ्याशी शेवटचे चार दिवस वाकडेपणा नको, म्हणून गुरुदासने गडगा दोन बोटं अलीकडे घेतला. तेवढ्यात सुगंधा ओटीवरून उतरली.

"मगे आमची विहीर गडग्याखाली इली ती? उद्यापासून पाणी धोंडूभावजींच्या परवानगीन काढू?"

गडगा एक बोट पलीकडे गेला. धोंडूने सुंभ आणून मापलं. गडगा अर्धं बोट अलीकडे आला. शेवटी तो बरोबर विहिरीच्या तोंडावरून गेला. ही तडजोड दोघांनाही मान्य झाली, कारण त्यात दोघांचंही नुकसान सारखंच होतं.

खरं संकट बुधवारी सकाळी काठी टेकत आलं. त्याचं नाव भाई.

भाई गावचे मानकरी होते. देवासमोर गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे साऱ्या गावाच्या वतीने देवाला साकडं घालायचा पहिला मान आपला, असं ते म्हणत. दुसऱ्या घराण्याचे सत्यवान म्हणत की तो मान आपला. हा वाद अकरा वर्षं चालू होता. तोवर देवाचं अडू नये म्हणून दोघेही एकाच वेळी उभे राहून दोन गाऱ्हाणी घालत, आणि देवाला दोन्ही कानांनी ऐकावं लागे. पालखीचं मात्र तसं जमेना. तिचा पुढचा दांडा दोघांच्या खांद्यावर एकदम मावत नव्हता. त्यामुळे पालखी अकरा वर्षं देवळाच्या आढ्याला टांगलेली होती, आणि भाई व सत्यवान या काळात एकमेकांचं नाव घेऊन एकदाही बोलले नव्हते.

भाईंनी खळ्याला एक फेरी घातली. किल्ला बघितला. "ह्येका बुरूज नाय, शेंड्यो आसत," म्हणाले. खाडी बघितली, धक्का बघितला. मग थांबले.

"गुरुदास. सगळो गाव केलंस. देऊळ खंय?"

देऊळ राहिलं होतं! अठरा वर्षं समुद्रावर काढलेल्या माणसाने धक्का घातला होता, खडक घातले होते, भरतीची रेघसुद्धा ओढली होती. देवळाची आठवण त्याला एकदाही झाली नव्हती. भोवती पंधरा माणसं उभी होती. सगळी त्याच्या तोंडाकडे बघत होती. त्याची नजर सैरभैर फिरली आणि तुळशीपाशी त्या पाच पांढऱ्या विटांवर स्थिरावली.

"ता काय!" तो म्हणाला. "तुळशीकडे."

"बाबा," आनंदी म्हणाली, "ता देऊळ..."

"गप ऱ्हव गो. मोठी माणसां बोलतत."

भाई वाकले. पांढऱ्या भिंती, वर कौल, शेजारी तुळस. मान डोलावली. मग त्यांना समोर पसरलेले तांदळाचे दाणे दिसले आणि ते सावकाश ताठ झाले.

"अक्षता?"

"व्हय... वायच..." गुरुदास म्हणाला.

"म्हणजे पुजा झाली! प्रतिष्ठा झाली! कोणाक विचारून?"

"घरच्या घरी, भाईनू."

"घरच्या घरी? गावाचा देऊळ, आनि पुजा घरच्या घरी? गाऱ्हाणा कोणी घातल्यान?"

"भाईआजोबा," आनंदी पुन्हा म्हणाली, "ते तांदूळ..."

"तू गप ऱ्हव गो," भाई, गुरुदास आणि धोंडू एकदम म्हणाले.

भाई गेले आणि तासाभरात सत्यवान आले. ते पंचावन्न वर्षांचे होते, आवाजाने मृदू आणि स्वभावाने अजिबात नाही.

"भाई आदी येवन गेले म्हणतत."

"ते आपले सहज..."

"सहज? प्रतिष्ठेचा आमंत्रण तेंका आनि आमका नाय? म्हणजे तुझ्या मतान मान तेंचो."

"तसा नाय हो, सत्यवानभाऊ! ह्या पोरीचा खेळणा!"

"खेळणा आसा तर तेच्यार अक्षता कित्याक?"

या प्रश्नाला गुरुदासकडे एक खरं उत्तर होतं आणि ते त्याला माहीत नव्हतं. ज्या एका व्यक्तीला माहीत होतं, तिला त्याने स्वयंपाकघरात पाठवलं होतं.

संध्याकाळी निर्णय झाला. आधीच्या देवळातल्या मानाचा निकाल लागलेला नाही, त्यात या देवळात नवा पायंडा पडला तर तोच पुढे दाखला होईल. तेव्हा शुक्रवारी बाबली गुरवाने कौल लावायचा. देव सांगेल त्याने गाऱ्हाणं घालायचं. तोपर्यंत खळ्यातल्या गावाला कोणी हात लावायचा नाही. भोवती सुंभाची दोरी बांधण्यात आली आणि ऊन लागू नये म्हणून माडाच्या झापांचा मांडवही घालण्यात आला.

"आनि झेंडो?" आनंदीने विचारलं.

"गाऱ्हाणा झाल्यार," गुरुदास म्हणाला.

"शनवारी तुमी जातलास."

"त्याच्या आदी होतला सगळा." पण हे बोलताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

दोन दिवस आनंदी दोरीबाहेर झेंडा मुठीत धरून बसली. सातशे विटांपैकी तिच्या वाट्याला पाच आल्या होत्या, आणि आता त्या पाचांनाही हात लावायची बंदी होती.

शुक्रवारी बाबली गुरव ओलेत्याने आला. त्याने आयुष्यभर पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवून कौल घेतले होते. उजवी पाकळी आधी पडली की एक उत्तर, डावी पडली की दुसरं. उजवी पडली तर भाई, डावी पडली तर सत्यवान असं ठरलं. पण बाबलीने प्लास्टिकवर पाकळी कधी लावली नव्हती. त्याने उजवीकडे लावली, डावीकडे लावली, हात जोडले. दोन्ही पाकळ्या गुळगुळीत विटेवरून एकदमच घसरल्या आणि मधोमध येऊन पडल्या.

गर्दीतून हुंकार उठला. पुन्हा लावल्या. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला तर बाबलीचा हात निघायच्या आतच पाकळ्या खाली आल्या.

"देव काय म्हणता?" भाईंनी विचारलं.

"व्हय, काय म्हणता?" सत्यवानांनी दुसऱ्या बाजूने विचारलं.

बाबलीला सणासुदीला दोन्ही घरी जेवायला जायचं असे. त्याने डोळे मिटून बराच वेळ विचार केला.

"देव म्हणता," तो म्हणाला, "दोघांनी येवा. उद्या."

शनिवारची सकाळ उजाडली. बैलगाडी नऊ वाजल्यापासून बाहेर उभी होती. मालवणचा धक्का तीन कोस, बोट दुपारी. ट्रंक गाडीत चढली होती. गुरुदास नवा सदरा घालून मांडवात उभा होता आणि सारखा उन्हाकडे बघत होता. भाईंनी एक नारळ फोडला. सत्यवानांनी लगेच दुसरा फोडला. दोघे शेजारी शेजारी उभे राहिले. मागे सगळा गाव हात जोडून उभा. गाऱ्हाण्यातल्या प्रत्येक वाक्याला लोकांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ द्यायची, हे पोफळवण्यात मुलं बोलायच्या आधी शिकतात.

"बा देवा म्हाराजा," भाईंनी आवाज लावला, "आज ह्या गावच्या लेकरांनी जी काय येडीवाकडी सेवा मांडल्यानी आसा, ती गोड मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आनि जेचो मान तेका देवन," सत्यवानांनी मृदू आवाजात मध्येच घातलं, "जो कोण आडवो येयत तेका वाटेक लाव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," लोक म्हणाले, पण जरा चाचरत.

भाईंनी आवाज चढवला. "ह्या नव्या देवळात, ह्या पांढऱ्या भिंतींच्या आत जो कोण तू बसलोहस..."

"देव नाय बसलो," दोरीपाशी आनंदी म्हणाली. "कोंबड्यो बसल्यात."

"व्हय म्हाराजा!" सगळा गाव म्हणाला.

मग जोडलेले हात एकेक करून खाली आले.

"काय म्हणालंस गो?" भाईंनी विचारलं.

"कोंबड्यो. तो खुराडो आसा. कोंबड्यांचो."

"आनि अक्षता?"

"अक्षता नाय. कणी. कोंबड्यांक घातलंय."

सुगंधाने पदर तोंडात कोंबला आणि ती घाईघाईने घरात गेली. आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. बाबली गुरवाचा चेहरा मात्र उजळला. "मी तरी म्हणतंय," तो म्हणाला, "पाकळी ठरा कशी नाय! पाषाण कधी असो वागणा नाय!"

"मगे चार दिवस सांगूक काय झाला होता तुका?" सत्यवानांचा आवाज पहिल्यांदाच चढला.

"सांगी होतंय. तुमी सगळे 'गप ऱ्हव' म्हणालास. आनि कोणी विचारूक पण नाय."

आता सगळे गुरुदासकडे वळले. गुरुदासने मान खाली घातली.

"चूक माझी," तो म्हणाला. "देऊळ माझ्यान ऱ्हवला. लाज वाटली म्हणून ह्येका देऊळ म्हटलंय. पोरीक विचारूक नाय."

भाईंनी फुटलेल्या दोन नारळांकडे पाहिलं. खुराड्याकडे पाहिलं. मग त्यांनी डोळ्यांसमोर शेजारचं गाव आणलं, त्यापलीकडचं गाव आणलं, बाजारचा दिवस आणला. आणि अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी नाव घेऊन हाक मारली.

"सत्यवान."

"बोला, भाई."

"ह्या गावाभायर जाता नये."

"नाय जावचा."

"वेंगुर्ल्यात तर अजिबात नाय."

"वेंगुर्ल्यात माझी सासुरवाडी, भाई. तुमी माका सांगतास?"

"आनि नारळ?"

सत्यवानांनी विचार केला. "वाटून टाकूया. पण प्रसाद म्हणाचा नाय. खोबरा म्हणाचा."

"खोबरा," भाई म्हणाले. "बरोबर."

पोफळवण्यात एखादी गोष्ट एकमताने ठरल्याची ती पहिलीच वेळ. दोघांनी आपापल्या नारळाचे तुकडे केले आणि वाटले. लोकांनी उजवा हात पुढे केला, कपाळाला लावणार तेवढ्यात आठवण झाली, आणि नुसतंच खाल्लं. धोंडू तेवढा "पण गडग्याचा काय?" असं विचारत फिरत होता. त्याला कोणी खोबरंही दिलं नाही.

गर्दी पांगली. गाडीवानाने बैलांना पाणी दाखवलं आणि सूर्याकडे बोट केलं. निघायला अर्धा तास उरला होता. गुरुदासने दोरी सोडली.

"चल गो. लाव झेंडो."

आनंदी हलली नाही. तिने खोक्याचं झाकण आणून त्याच्यासमोर धरलं.

"बाबा, ह्येतल्या बापाशीचे हात बघलास?"

गुरुदासने बघितले. चित्र त्याने शंभरदा पाहिलं होतं. बुरूज मोजले होते, खिडक्या मोजल्या होत्या. हात मात्र आज पहिल्यांदाच दिसले.

"मगे? काय करू मी?"

"मोडा."

"किल्लो?"

"व्हय. मोडा, आनि बसा."

तीन दिवसांचं काम होतं ते. एकही सांधा चुकलेला नव्हता. गुरुदासने दोन्ही हातांनी किल्ला उकलायला सुरुवात केली. विटा सुटताना वेगळाच आवाज करत होत्या. सगळ्या विटा सुपांत पडल्यावर तो खळ्यात मांडी घालून बसला, आणि हातांचा भरवसा वाटेना म्हणून त्याने ते मांड्यांखाली दाबून धरले.

आनंदीने वीट घेतली. तिच्यावर दुसरी बरोबर ठेवून दाबली. तिच्यावर तिसरी. सांध्यावर सांधा, सांध्यावर सांधा. गुरुदासने तोंड उघडलं. मिटलं. त्याच्या कपाळावरची शीर फुगली. ओटीवरून सुगंधा बघत होती. पंधरा वर्षांच्या संसारात नवरा इतका वेळ गप्प बसलेला तिने पाहिला नव्हता, आणि तो आजारी तर नाही ना अशी तिला शंका आली.

भिंत वीतभर झाली आणि मधोमध फाकून पडली.

आनंदीने पडलेल्या भिंतीकडे पाहिलं. बापाकडे पाहिलं नाही. एक वीट उचलून ती दोन विटांच्या मध्ये धरून बघितली, जरा सरकवली, दाबली. टक्. मग तिच्यावर तशीच दुसरी. या खेपेला भिंत उभी राहिली. गुरुदासच्या घशातून काहीतरी आवाज आला, पण तो शब्द नव्हता.

गडग्यावरून धोंडूची मान वर आली. "आनंदी, गडगो वायच तिकडे घे गो, तुमच्या बाजूक..."

"धोंडूकाका," आनंदी वर न बघता म्हणाली, "हात मागे."

धोंडूने हात मागे घेतले. का, ते त्याला कळलं नाही.

गाडीवानाने तिसरी हाक मारली तेव्हा कुठे गुरुदास उठला. बोट त्याला मिळाली, पण बोटीपर्यंत नेणाऱ्या पडावातून शिडीवर चढणारा तो शेवटचा उतारू होता. गाडीतही तसाच बसून त्याचे हात मुंग्या येऊन बधिर झाले होते, आणि खलाशांनी त्याला ट्रंकेसकट वर ओढून घेतलं.

सप्टेंबरात एडन बंदरात त्याला पत्र मिळालं. आनंदीच्या हातचं, शाळेत शिकवतात तशा शुद्ध भाषेत, दोन बाजूंनी समास सोडून.

'तीर्थरूप बाबांस आनंदीचा शिरसाष्टांग नमस्कार. आम्ही सर्व खुशाल आहोत. तुम्ही गेल्यावर आठ दिवसांनी पाऊस आला आणि खळ्यातला गाव वाहून गेला. सगळ्यात आधी गडगा गेला. धोंडूकाका छत्री घेऊन बघायला आले होते. विटा मी ओटीवर आणल्या आहेत. मी किल्ला पुरा केला. तो तुमच्यासारखा सुंदर नाही, पण त्याला दरवाजा आहे. तुमच्या किल्ल्याला दरवाजा नव्हता. मी सांगणार होते. झेंडा लावला आहे.

भाईआजोबा आणि सत्यवानकाका रोज संध्याकाळी येतात. आधी खुराड्याची गोष्ट कोणाला सांगितली नाही ना ते विचारतात, आणि मग बसतात. त्यांना विटा लावायच्या असतात. मी हात लावू देत नाही. डोंगरासाठी हिरवं शेवाळ लागतं, ते आणायला पाठवते. पहिलं शेवाळ कोणी आणायचं यावरून दोघांचं भांडण झालं, म्हणून मी पाळी लावली. सोमवार, बुधवार, शुक्रवार भाईआजोबा. मंगळवार, गुरुवार, शनिवार सत्यवानकाका. रविवारी सुट्टी.

मी त्यांना म्हटलं, पालखीलाही अशीच पाळी लावा ना. दोघेही एकदम म्हणाले, तू गप ऱ्हव गो.

पण दुसऱ्या दिवशी शेवाळ पाळीप्रमाणे वेळेवर आलं.'